पाट्यापासून चाकू केला, पण टोकाकडचीच धार वळली. कुठे चुकलं?

मेढ्याचा जावई

मंडळी नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

मी साताऱ्यात बँकेत कॅशियर. हाताला सवय नोटांची, लोखंडाची नाही. पण दोनेक वर्षं डोक्यात किडा होता की रानात वापरायचा एक चाकू स्वतः करायचा. भाजीची सुरी नको आणि कोयताही नको, मधलं काहीतरी. चूल पेटवायला लाकडाच्या बारीक सालपटी काढता याव्यात, तंबूच्या खुंट्या तासता याव्यात, वेळ पडली तर पात्याच्या पाठीवर ठोकून मनगटाएवढं लाकूड फाडता यावं. बाहेरचे लोक याला बुशक्राफ्ट म्हणतात. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू या कामासाठी नावाजलेले. मित्राकडचा एक हाताळला होता. पात्याच्या मध्यापासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेला तो एकच रुंद ढाळ बघितला आणि तेव्हाच ठरलं.

पाटा भंगारातून आणला. जीपच्या कमानीचा (लीफ स्प्रिंगची पोलादी पट्टी), १ किलो ८०० ग्रॅम भरला, ६० रुपये किलोने १०८ रुपये झाले. सासऱ्यांची शेती मेढ्याजवळ आहे, त्यांच्या गोठ्यामागे भट्टी मांडली. ट्रकचा ब्रेक ड्रम, खालून पाइप, पाइपाला बायकोचा जुना हेअर ड्रायर. लोणारी कोळसा. ऐरण कुठून आणणार? घणाचं साडेचार किलोचं डोकं बाभळीच्या ओंडक्यात पुरलं आणि भागवलं. ऐरणीसाठी रुळाचा तुकडा देतो म्हणणारे दोघं भेटले, पण रेल्वेचा माल दारात सापडला तर बँकवाल्याची नोकरी जायची, म्हणून हात जोडले.

पाट्याचा बाक काढायलाच एक रविवार गेला. सासरे खाटेवर बसून बघत होते. मधेच म्हणाले, "जावईबापू, लोखंड लाल असताना मारा, काळं पडल्यावर आवाज नुसता होतो." त्यानंतर जरा जमलं. मग ग्राइंडरने आकार कापला. पातं ११ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, पाठीला ४ मिलिमीटर जाड. मुठीत शेवटपर्यंत जाणारी पूर्ण रुंदीची शेपटी. ढाळ अर्धवट काढला आणि धारेची कड मुद्दाम मिलिमीटरभर जाड ठेवली, तेवढं वाचून माहीत होतं.

पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करायचं काम तिन्हीसांजेला केलं, रंग नीट दिसावा म्हणून. स्पीकरमधलं चुंबक तारेला बांधलं होतं, ते चिकटेनासं झाल्यावर आणखी थोडं तापवलं आणि तीन लिटर सोयाबीन तेलात सरळ टोकाकडून उतरवलं. तेल आधी कोमट करून घेतलं होतं. भपकन ज्वाळ आली, कुत्रा पळाला, तेलाचा भाव आठवून सासरे गप्प झाले. थंड झाल्यावर कानस लावली तर ती नुसती घसरली. त्या रात्री मला झोप आली नाही हो.

दुसऱ्या दिवशी ठिसूळपणा उतरवायला घरच्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन तास, मग पुन्हा दोन तास. (अट अशी पडली की ओव्हन तीनदा घासून द्यायचा आणि महिनाभर नानकटाई मागायची नाही.) त्यानंतर उरलेला ढाळ ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून पूर्ण केला. मूठ बाभळीची, सहा मिमीच्या दोन पितळी खिळ्या, इपॉक्सी. जवसाचं तेल चोपडलं. सगळं मिळून सव्वादोनशे ग्रॅम.

मागच्या रविवारी शेतावर कसोटी घेतली. कागद कापला, हातावरचे केस गेले. वाळक्या आंब्याच्या फांदीच्या सालपटी काढल्या, कोंबड्याच्या शेपटीसारख्या वळून उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीने पहिल्याच काडीला पेट घेतला. वाळक्या कळकावर मोजून चाळीस घाव घातले, धार जशीच्या तशी. मग पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा बाभळीचा वाळका तुकडा उभा धरला, पातं वर ठेवलं, दांडक्याने पाठीवर ठोकलं. पहिले दोन तुकडे फाटले. तिसऱ्यात गाठ होती. पातं बाहेर काढलं तर टोकापासून अडीच सेंटिमीटरपर्यंतची धार डावीकडे वळलेली. उन्हात धरलं की चकचकीत रेघ दिसते, नख फिरवलं की एका बाजूने अडकतं. तुटलेली नाही, कपचा नाही, नुसती दुमडली आहे. त्यामागच्या साडेआठ सेंटिमीटरला काही झालेलं नाही, तिथे अजूनही केस निघतात.

प्रश्न असा: एकाच पात्यात हा भेदभाव का? २०० अंश जास्त झाले का? की पाटाच खराब होता? पुन्हा भट्टीत घालावा तर मूठ चिकटवून बसलोय.

कट्ट्यावरचा

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा तीन-चारशेत ऑनलाइन मिळतो. तेलाच्या पैशातच आला असता.

मेढ्याचा जावई

आला असता. पण मग सासऱ्यांशी आठवडाभर बोलायला विषय राहिला नसता.

ऐरणीचा नातू

जावईबापू, आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. पाणी देऊन झाल्यावर ढाळ ग्राइंडरवर काढलात, ते एका ओळीत उरकलंय तुम्ही. त्या वेळी टोकाला कुठे रंग आला होता का? पिवळा, जांभळा, निळा?

मी कुडाळकडचा. आमच्या घरी आजोबांपर्यंत लोहारकी होती. वडील एसटीत लागले आणि मी संगणकावर. तरी खंडेनवमीला ऐरण अजून धुतो आणि फूल वाहतो. आमच्याकडे कोयती म्हणजे माणसाच्या अंगाचाच भाग. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत कोयती, मग घराबाहेर पाऊल. त्या कोयतीला आजोबा पाणी कसं द्यायचे ते सांगतो, म्हणजे मी रंगाचं का विचारतोय ते कळेल.

ते अख्खं पातं बुडवत नसत. धारेची बोटभर कड तेवढी दगडी डोणीत धरायची, आणि तीही स्थिर नाही, पाण्यात पुढेमागे हलवत. पाठ लालच राहायची. मग बाहेर काढून चटकन वाळूच्या दगडावर दोनदा घासायची. धारेजवळ पांढरा चकचकीत पट्टा उघडा पडला की त्याच्याकडे टक लावून बसायचं. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि त्या पट्ट्यावर रंग चालत येतात, अक्षरशः चालत. पुढे फिकट पिवळा, त्यामागे गडद, मग तपकिरी, मग जांभळा, सगळ्यात मागे निळा. पिवळा गडद होऊन धारेला टेकला की पुन्हा पाण्यात, आणि रंग तिथेच थांबवायचे. हे सगळं एक विडी ओढून होईपर्यंत. मी लहान होतो, मला त्या रंगांचं वेड होतं. निळा सगळ्यात छान दिसतो म्हणून एकदा म्हटलं, "आजा, निळो येवंदे ना." तर म्हणाले, "निळो इलो तर कोयती गेली."

निळा धारेवर आला म्हणजे पाणी उतरलं. मग ती कोयती माडाच्या झावळीवर दोन घावांत वाकते. तुमची नेमकी तशीच वाकलीय.

आणि तेलात दिलंत ते बरं केलंत. पातळ पात्याबद्दल आजोबा म्हणत, "पाण्यात नको रे, तडकतला." (तेलात बुडवलं तरी आम्ही त्याला पाणी देणंच म्हणतो, हसू नका.)

मेढ्याचा जावई

पकडलंत. आला होता. टोकाकडे ग्राइंडर जरा जास्त वेळ टेकला, कारण तिथे ढाळ गोलाईत वळवायचा होता आणि ते काही जमेना. मधेमधे पाण्यात बुडवत होतो, पण एकदा बघतो तर नखाएवढा निळा डाग. मी तो पॉलिश पेपरने घासून काढला. डाग गेला म्हणजे प्रश्न मिटला असं वाटलं. वर लिहिलं नाही कारण, खरं सांगायचं तर, लाज वाटली.

भट्टीवाले काका

रंग पुसला जातो, पण जे झालंय ते पुसलं जात नाही. तो रंग म्हणजे पोलादावर आलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. थर घासला, पण खाली पोलाद जेवढं तापलं तेवढं तापलंच. हे म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यासारखं झालं.

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो. त्यामुळे जरा आकडे देतो, सहन करा.

कमानीच्या पाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, जोडीला सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियम, प्रकाराप्रमाणे. चुंबक सुटतं ते ७७० अंशांच्या आसपास. हे पोलाद कडक व्हायला साडेआठशेच्या जवळ जावं लागतं. म्हणजे चुंबक सुटल्यावर "आणखी थोडं तापवलं" हे तुम्ही बरोबरच केलंत. बरेच लोक चुंबक सुटलं की लगेच बुडवतात आणि मग पातं अर्धकच्चं राहतं. २०० अंशांवर दोनदा दोन तास, हेही योग्य. तेवढ्यात कडकपणा ५७-५८ रॉकवेलच्या (हे कडकपणाचं माप) घरात राहतो. गाडीत असताना हाच पाटा कितीतरी जास्त अंशांवर उतरवलेला असतो आणि ४०-४५ रॉकवेलवर काम करतो, कारण त्याला वाकून परत सरळ व्हायचं असतं. चाकूला तसं करून चालत नाही.

आता रंग. फिकट पिवळा २०५ च्या पुढे, तपकिरी २५५, जांभळा २७५-२८०, निळा ३०० च्या आसपास. तुम्हाला निळा दिसला तो ढाळावर. पण ढाळाच्या शेवटी जी कड असते ती कागदासारखी पातळ. तिथली उष्णता पळून जायला मागे पोलादच नाही. म्हणजे ढाळ ३०० ला असेल तेव्हा कड त्याच्याही पुढे गेलेली. निळा डाग नखाएवढा आणि मऊ झालेली धार अडीच सेंटिमीटर, याचं कोडं तिथे सुटतं.

इतर संशयितांना सोडून देऊ. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो हे खरं, पण तुम्ही कड मिलिमीटरभर ठेवून नंतर घासलीत, तो थर निघून गेला. पाणीच कमी लागलं असतं तर अख्खी धार वळली असती, आणि टोक तर पातळ असल्याने भट्टीत सगळ्यांत आधी तापतं. टोक जास्त तापलं असतं तर आतला दाणा साखरेसारखा जाड झाला असता आणि धार वळण्याऐवजी कपची उडाली असती. वळते ते मऊ, तुटते ते कडक. तुमच्या पात्याने स्वतःच जबाब दिलाय.

करायचं काय? आधी मऊ भाग किती खोल आहे ते शोधा. कानशीचा कोपरा घ्या आणि धारेपासून पाठीकडे, दर चार-पाच मिलिमीटरवर हलकेच टेकवून ढकला. घसरली तर कडक, चावली तर मऊ. चावली ते ठिकाण मार्करने टिंबा. मग उरलेली धार पितळेच्या सळईवर तपासा. सळई आडवी बांधा, धार पंधरा-वीस अंशांत टेकवा, कड किंचित फुगलेली दिसेल इतकं दाबा आणि सळईवरून सरकवा. कड फुगून परत सरळ झाली तर उत्तम. वाकून तशीच राहिली तर मऊ, खरखर लागून दाते पडले तर फार कडक. पितळेची सळई प्लंबरकडे मिळते.

मऊ भाग थोडा असेल तर घासून मागे या. पण हाताने, पाण्याखाली, दगडावर. ग्राइंडर पुन्हा लावायचा नाही. लावायचाच असेल तर हातमोजे काढून पातं उघड्या बोटांत टोकाजवळ धरा. बोटाला सोसत नाही ते धारेलाही सोसत नाही, एवढं साधं आहे. भाग जास्त असेल तर मूठ फोडून सगळं नव्याने.

आणखी एक, पुढच्या वेळेसाठी. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षं वाकून वाकून केसाएवढ्या चिरा पडलेल्या असू शकतात. कापण्याआधी पाटा घासून चकचकीत करा, रॉकेल चोळून अर्धा तास ठेवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड फासा. चीर असेल तर आत गेलेलं रॉकेल खडूत उमटतं, ओली बारीक रेघ दिसते. आमच्याकडे याची महागडी रसायनं होती, पण सुरुवातीच्या काळात मी रॉकेल आणि खडूवरच कितीतरी माल नापास केलाय. ओटीजीच्या काट्यावरही विसंबू नका. ट्रेमध्ये वाळू पसरून चाकू तिच्यात ठेवा आणि शेजारी ओव्हनचा वेगळा थर्मामीटर. घरगुती ओव्हन वीस-तीस अंश सहज खोटं बोलतो.

घाटघरची ताई

काकांचं सगळं पटलं, पण मला कसोटीबद्दल बोलायचंय.

मी अकोले तालुक्यात मुलांची रानशिबिरं घेते, वर्षाला दहा-बारा. माझ्याकडे पंधरा वर्षांच्या पोरांनी मोडलेल्या चाकूंचा एक डबा आहे. त्यातले निम्म्याहून जास्त पाठीवर ठोकताना गेलेत, आणि त्यातही बहुतेक गाठीत. वाळकी बाभूळ, त्यात गाठ, आणि ठोकताना लाकडाबाहेर टोक काढून त्यावर घाव घातला असणार. टोक बाहेर राहिलं की आपण तिथेच मारतो, पातं मागे मुठीपाशी वर उचकटतं आणि धार तिरकी पिळवटते. पाणी उतरलं होतं हे खरंच, पण चांगलं पाणी असतं तरी त्या गाठीत पातं शाबूत राहिलं असतं याची मी खात्री देणार नाही. गाठ दिसली की तुकडा फिरवा, नाहीतर बाजूला ठेवा. लाकडाला सांधा कुठे आहे ते आधी बघायचं असतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका सरपण फोडताना कुऱ्हाड उचलण्याआधी लाकूड दोनदा फिरवून बघतात, त्या उगाच नाही.

दुसरं असं की आपल्या डोंगरात हे फाडाफाडीचं काम मुळात चाकूचं नाहीच. युरोपातल्या थंड पावसाळी जंगलात बाहेरून भिजलेल्या लाकडाचा कोरडा गाभा मिळवायला ते करावं लागतं. इथे ऑक्टोबर ते मे कारवीच्या वाळक्या काटक्या हाताने मोडतात आणि भुर्रकन पेटतात. पावसाळ्यात लागतं, मान्य, पण तेव्हा नातू म्हणतात तशी कोयती बरी. चाकूने सालपटी काढा, खुंट्या तासा, दोऱ्या कापा, कांदा चिरा.

आणि जाता जाता, कारण याचा फटका पोरांना बसतो म्हणून सांगते. आमच्या बाजूचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे उभं झाड सोडाच, पडलेलं लाकूडही आपलं नसतं. कसोट्या सासऱ्यांच्या बांधावर घेताय तेच चांगलं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांच्या यादीत जातं. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमचा चाकू त्या यादीत बसत नाही. पण म्हणून एसटी स्टँडवर कमरेला लावून फिरू नका. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमाव आणि हत्यारांचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि अडवणारा हवालदार इंच मोजत बसत नाही. सॅकच्या तळाशी, म्यानात, कपड्यांत गुंडाळून.

ऐरणीचा नातू

ताई, टोक बाहेर ठेवून ठोकण्याचं बोललात ते शंभर टक्के. पण कोयतीची बाजू घेतल्याबद्दल मालवणी माणसाचे विशेष आभार.

काका, "बोटाला सोसत नाही ते धारेला सोसत नाही" हे लिहून घेतलंय. मात्र एका बाबतीत वेगळं मत आहे. मूठ फोडायची वेळ आली तर घाबरायचं कारण नाही. कोयतीची मूठ सैल झाली की आजोबा शेपटी तापवून नव्या मुठीत घुसवायचे, आत राळ वितळवून. इपॉक्सीही तापवलं की सुटतं. खिळ्या ड्रिलने काढा, मूठ उकळत्या पाण्यात धरा, लाकूड वाचलं तर वाचलं. बाभळीला तोटा नाही.

मेढ्याचा जावई

तीन आठवड्यांनी येतोय. मधे मार्चअखेर होता, बँकवाल्यांना विचारा.

सगळ्यांचं ऐकलं, क्रमाने सांगतो. रॉकेल-खडूचा प्रयोग आधी उरलेल्या पाट्यावर केला. एका भोकाच्या कडेला पेन्सिलीने मारावी तशी रेघ उमटली, साधारण दीड सेंटिमीटरची. चाकूचा तुकडा त्या भोकापासून चार बोटं लांबून कापलेला निघाला, निव्वळ नशीब. तो चीर पडलेला भाग कापून टाकला. सासऱ्यांनी तो कुंपणाच्या फाटकाला अडसर म्हणून लावलाय.

मग कानस. काका, तुम्ही सांगितलं तसं टिंबत गेलो. टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे कानस धारेपाशी चावत होती, पण दोन मिलिमीटर आत गेलं की घसरायची. जसजसा टोकाकडे आलो तसतशी टिंबांची ओळ पाठीकडे चढत गेली, आणि शेवटच्या आठ-नऊ मिलिमीटरमध्ये तर धारेपासून पाठीपर्यंत सगळीकडे चावली. म्हणजे टोक पूर्ण गेलेलं. पात्यावर मार्करची ती तिरकी ओळ बघून पहिल्यांदा कळलं की उष्णता कुठून कुठवर गेली होती. निळा डाग जिथे होता, बरोबर तिथेच ओळीचा उंचवटा.

मूठ फोडायचा धीर झाला नाही. टोक नऊ मिलिमीटर कापलं आणि नवीन टोक पाठीकडून खाली उतरवून घेतलं. कापतानासुद्धा ओलं फडकं गुंडाळलं होतं आणि दर तीन सेकंदांनी बादलीत. बाकी सगळं कार्बोरंडमच्या दगडावर हाताने. किती वेळ लागेल याचा अंदाज नव्हता. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास, अकरा रात्री. टीव्हीवरच्या मालिकेत खून झाला, तपास झाला, आरोपी सुटला, तरी माझे दोन मिलिमीटर संपेनात. शेवटचे तीन दिवस काचेवर पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून, २२०, ४००, ८००. एका बाजूचा ढाळ बारा अंशांच्या आसपास ठेवलाय.

पितळेची सळई प्लंबरकडे मिळाली, वीस रुपये. धार तिच्यावरून फिरवली तर कड फुगते आणि मागे येते, टोकापर्यंत. एकच जागा किंचित शंकास्पद आहे, मुठीपासून दोन सेंटिमीटरवर. तिथे दाते पडल्यासारखं अगदी हलकं खरखरतं. ते का, ते कळलेलं नाही.

मग परवा पुन्हा बांधावर. त्याच बाभळीचा तुकडा, पण या वेळी ताईंचं ऐकून आधी फिरवून बघितला आणि गाठीचा बाजूला ठेवला. टोक बाहेर काढलं तरी घाव पात्याच्या मध्यावर. सहा तुकडे फाडले. मग, राहवेना म्हणून, सासऱ्यांची नजर चुकवून तो गाठीचाही घेतला. गाठीशी येऊन पातं अडकलं, ठोकून पुढे जाईना, उलटं काढताना पाच मिनिटं घाम काढला. पण धार वळली नाही. नखाला काही लागत नाही, कागद कापतो, केस मात्र आता ओढून ओढून निघतात.

भट्टीवाले काका

मुठीजवळ खरखर म्हणजे तिथे २०० अंश पूर्ण पोचलेच नसणार. ओटीजीच्या दारापाशी मुठीकडची बाजू होती का? दाराकडे जरा गार असतं. काही करू नका, वापरात ती जागा सगळ्यात कमी लागते. दाते पडले तर दगडावर दहा हात मारा. आणि गाठीचा तुकडा घेतलात हे वाचून रागवायचं की हसायचं ते ठरत नाहीये.

मेढ्याचा जावई

काका, दाराकडेच होती! शेपटी इतकी लांब की तिरका ठेवूनही कसाबसा मावला होता.

घाटघरची ताई

फोटो टाका आता. आणि म्यान कशाचं केलंत?

मेढ्याचा जावई

म्यान अजून नाही, कारण चाकू माझ्याकडे नाही. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी बघायला म्हणून घेतला, वैरणीच्या पेंढीची सुतळी कापली, मग गाईच्या गळ्यातलं जुनं दावं कापलं, मग काही न बोलता गोठ्याच्या मेढीला खिळा ठोकून त्याला अडकवला. काल फोनवर विचारलं तर म्हणाले, "हाय की. टोक जरा बोथट केलंयसा, पर चालतंय." टोक बोथट नाही, नऊ मिलिमीटर कमी आहे, हे त्यांना सांगितलेलं नाही.

उरलेला पाटा अजून किलोभर आहे. या वेळी ढाळ पाणी देण्याआधीच बराचसा काढून घेणार आहे, म्हणजे नंतर दगडावर अकरा रात्री लागणार नाहीत. नातू, कड अर्धा मिलिमीटर ठेवली तर तेलात वाकडी होईल का? आणि तुमच्याकडे ती लाकडी आकडी विकत मिळते का, की करूनच घ्यावी लागते?

ऐरणीचा नातू

अर्धा चालेल, पण तेलात उतरवताना डावीउजवीकडे हलवू नका, धारेच्या दिशेने पुढेमागेच. आकडी कुडाळच्या बाजारात मिळते. मे महिन्यात गावी जातोय, एक घेऊन ठेवतो. कमरेचं माप कळवा.